आजार गेला, आता टँक: काय उकळायचं, काय बुडवायचं, काय सरळ टाकून द्यायचं

आजारी माशांचा टँक मी दोन दिवस घासला होता. खडी उकळली, फिल्टर खोलून ब्लीचमध्ये बुडवला, काचा अशा लख्ख केल्या की आत पाणी आहे की नाही ते कळेना. महिनाभर थांबून नवे मासे सोडले आणि दहाव्या दिवशी एकाच्या पाठीवर तोच पांढरट, कापसासारखा डाग. टँकच्या मागे खिळ्याला जाळी लटकत होती. आजारी मासे जिने काढले, तीच. मधल्या काळात ती दुसऱ्या टँकला वापरत होतो, त्यामुळे ती धड कधी वाळलीच नव्हती. शिवणीला बोट लावलं तर ओल, आणि बोटाला बुळबुळीत काहीतरी. कारण दुसरंही असू शकेल, पण त्या दिवसापासून मी निर्जंतुकीकरणाची सुरुवात टँकपासून करत नाही. आधी त्या टँकच्या पाण्याला जे जे लागलं होतं त्याची यादी करतो.

यादी लांब निघते. जाळी, बादली, सायफनची नळी, काच घासायचा चुंबक, कात्री, चिमटा, थर्मामीटर आणि त्याचा रबरी पेला, एअर पंपाची नळी, खाद्य मोजायचा चमचा, झाकणाची आतली बाजू, हात पुसायचा फडका. यातलं एक जरी सुटलं तरी टँकवरची मेहनत वाया जाऊ शकते.

आधी विचार: हे खरंच करायचं आहे का?

मासा मेला की पहिली ऊर्मी असते सगळं रिकामं करून ब्लीच ओतण्याची. ती आवरा. फिल्टरच्या स्पंजमध्ये, सिरॅमिक कड्यांवर आणि खडीत जे उपयोगी जिवाणू बसलेले असतात, ते माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. ब्लीचला मित्र-शत्रू कळत नाही. ते सगळे मरतात आणि तुमचा जुना मुरलेला टँक पुन्हा कोराकरकरीत होतो. तो परत मुरायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. घाईने मासे सोडले की अमोनिया चढतो, मासे अशक्त होतात, पुन्हा आजारी पडतात, आणि मालकाला वाटतं की निर्जंतुकीकरणच कमी पडलं. मग आणखी ब्लीच. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात ते हेच.

एखाद्या माशाचे पर कुजले, एखाद्याला जखम होऊन ती चिघळली, तर त्यामागचे एरोमोनास, स्यूडोमोनास जातीचे जिवाणू जवळपास प्रत्येक टँकमध्ये असतातच. ते माशावर उलटले, कारण पाणी बिघडलं होतं, गर्दी झाली होती किंवा प्रवासात मासा दमला होता. तिथे टँक निर्जंतुक करून काही साधत नाही. पाणी बदला, गर्दी कमी करा, साधनं धुऊन वाळवा, बस्स.

आजारी मासे अजून त्याच टँकमध्ये असतील आणि तिथेच औषध चालू असेल, तर टँकचं निर्जंतुकीकरण हा प्रश्नच नाही. त्या काळात फक्त हातात येणारी साधनं वेगळी ठेवा आणि रोज निर्जंतुक करा.

पूर्ण मोहीम मी फक्त पुढच्या परिस्थितीत काढतो: दोन-चार दिवसांत टँकमधले सगळेच मासे मेले; कारण न कळता मासे पुन:पुन्हा मरत राहिले; विषाणूजन्य रोगाचं निदान झालं; किंवा माशांचा टीबी असल्याचा संशय आला. टीबीची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे सांगतो. आणि हो, कुणाकडून वापरलेला टँक घेतला असेल तर त्याचा इतिहास विचारत बसू नका. तो आजारीच होता असं धरून चाला.

टँकला उपास घडवणे

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे इच, हा परजीवी. अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखा दिसणारा. तो माशाच्या कातडीखाली पोसतो, मोठा झाला की गळून खाली पडतो, खडीवर किंवा काचेवर स्वतःभोवती कवच करून आत शेकडो पिल्लांत विभागतो. ती पोहणारी पिल्लं बाहेर पडली की त्यांना मासा हवाच. कोमट पाण्यात साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात.

म्हणजे टँकमध्ये एकही मासा ठेवला नाही तर इच उपासमारीनेच संपतो. मासे दुसऱ्या भांड्यात हलवून तिथे औषध द्या, आणि रिकाम्या टँकचं तापमान २८ अंशांवर ठेवून फिल्टर चालू राहू द्या. या तापमानाला त्याचा माशाबाहेरचा काळ काही दिवसांतच उरकतो. मी तरीही दोन आठवडे मोजतो. थंड पाण्यात मात्र हेच चक्र कित्येक आठवडे रेंगाळतं, म्हणून हीटर बंद करून ‘राहू दे रिकामा’ असं करू नका. मखमली रोगासाठी, म्हणजे अंगावर सोनेरी धूळ दिसते त्यासाठी, मी चार आठवडे देतो. खाऱ्या पाण्यातला इच हा दिसायला सारखा पण वेगळाच जीव आहे. त्याची कवचं फार चिवट असतात, म्हणून समुद्री टँकवाले ७२ ते ७६ दिवस टँक बिनमाशाचा ठेवतात.

या काळात फिल्टरमधल्या जिवाणूंनाही खायला लागतं. दोन-तीन दिवसांनी चिमूटभर माशांचं खाद्य टाकलं तरी चालतं. ते कुजून अमोनिया तयार होतो. गोगलगायी आणि कोळंब्या टँकमध्येच राहू द्या. त्यांना इच होत नाही आणि बाहेर काढून दुसऱ्या टँकमध्ये सोडल्या तर त्यांच्या कवचावरून कवचबंद इच तिकडे जाऊ शकतो. खाद्याऐवजी अमोनियाचं द्रावण घालणार असाल तर मात्र कोळंब्यांना ते सोसणार नाही.

थोडक्यात, परजीवीसाठी ब्लीचची बाटली उघडण्याआधी कॅलेंडर उघडा. मुरलेला फिल्टर वाचतो, ही लहान गोष्ट नाही.

तीन ढीग

पूर्ण मोहीम ठरलीच, तर सामानाचे तीन ढीग करा.

टाकून द्यायच्या ढिगात: फिल्टरचा कापूस, जुना स्पंज, ॲक्टिव्हेटेड कार्बन, एअर स्टोन, हवेची पातळ नळी, झाडांसाठीची माती, कृत्रिम झाडांपैकी ज्यांचे रेशमी धागे सुटले आहेत ती. एअर स्टोनची छिद्रं इतकी बारीक असतात की आत द्रावण पोचलं का, ते कळायला मार्ग नाही. मातीच्या गोळ्या ब्लीच पिऊन घेतात आणि नंतर सोडत राहतात.

उकळायच्या ढिगात: खडी, सिरॅमिक कडी, भांड्यात मावणारं लाकूड.

रसायनात बुडवायच्या ढिगात बाकी सगळं: टँक, फिल्टरचं डबडं आणि मोटर, हीटर, जाळ्या, नळ्या, बादल्या, प्लॅस्टिकची सजावट.

ढीग लावतानाच एक काम उरकून टाका. घरात दुसरा टँक असेल तर त्याचा एअर पंप या खोलीतून हलवा. पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. तुम्ही इथे ब्लीच ओतणार आणि त्याची वाफ तिकडच्या माशांच्या पाण्यात बुडबुड्यांनी जाणार, असं व्हायला नको.

घासणं आधी, रसायन नंतर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. क्लोरीन हे घाणीवर खर्च होणारं रसायन आहे. शेवाळ, विष्ठा, खाद्याचा गाळ, जिवाणूंचा चिकट थर, जे पहिलं भेटेल त्याच्याशी ते भिडतं आणि संपतं. मळक्या टँकमध्ये ओतलेलं ब्लीच वरच्या थरालाच मारतं, खालचे जिवाणू सुखरूप राहतात.

फिल्टरची जाड नळी हातात घ्या आणि लांब दांड्याचा ब्रश एका टोकाने घाला. दुसऱ्या टोकाने तपकिरी, जेलीसारखा थर नळीच्याच आकारात बाहेर येतो, सापाने कात टाकावी तसा. बाहेरून नळी स्वच्छ दिसत होती. हाच थर मोटरच्या पंख्याच्या खोबणीत, डब्याच्या रबरी कड्याखाली, सिलिकॉनच्या कोपऱ्यात आणि वरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीखाली बसलेला असतो. पंखा ओढून बाहेर काढा, तो चुंबकाने बसवलेला असतो, सहज निघतो. त्याची खोबण कापसाच्या काडीने पुसा.

साबण आणि भांड्याची पावडर वापरू नका. साबणाचा अंश माशांना घातक असतो आणि सिलिकॉन, स्पंज, प्लॅस्टिकच्या ओरखड्यांमधून तो पूर्ण निघत नाही. नुसतं पाणी, ब्रश आणि हात. काचेवर क्षारांचे पांढरे पट्टे असतील तर व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवा, मग खरवडा. त्या खवल्यांखाली जंतू दडतात. पण व्हिनेगर एकूण एक धुऊन काढल्याशिवाय ब्लीचला हात लावायचा नाही, कारण दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

घासताना हातमोजे घाला. हातावर खरचटलेलं असेल तर नक्कीच.

ब्लीच: हिशेब आणि कृती

साधं, बिनवासाचं, पातळ ब्लीच घ्या. त्यात सोडियम हायपोक्लोराइट आणि पाणी यापलीकडे काही नको. सुगंधी, घट्ट केलेलं, फेस येणारं, ‘रंगीत कपड्यांसाठी सुरक्षित’ असं लिहिलेलं ब्लीच नको. पहिल्या तिघांत जास्तीची द्रव्यं असतात आणि शेवटच्यात बहुतेक वेळा क्लोरीनच नसतो. बाटलीवरची उत्पादनाची तारीख बघा. ब्लीच उष्णतेने आणि उजेडाने मरतं. वर्षभर न्हाणीघराच्या खिडकीत पडलेल्या बाटलीवर विसंबू नका.

हिशेब सोपा आहे. ४ टक्के ब्लीच म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण ४० मिलिग्रॅम क्लोरीन. एका लिटर पाण्यात ५ मिलिलिटर घातलं की २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर होतं. घासून स्वच्छ केलेल्या वस्तूंसाठी इतकं पुरतं. ६० × ३० × ३० सेंटिमीटरचा टँक काठोकाठ भरला तर ५४ लिटर, म्हणजे २७० मिलिलिटर ब्लीच. जो आजार नेमका काय होता ते कळलंच नाही, किंवा टँक कुणाचा तरी वापरलेला आहे, तिथे मी एका भागाला वीस भाग पाणी असं तगडं द्रावण करतो. लिटरमागे साधारण ५० मिलिलिटर. ते टँक भरून करत नाही. बादलीत करून काचांना स्पंजाने लावतो आणि सतत ओलं ठेवतो.

कृती अशी:

१. दारं-खिडक्या उघडा. हातमोजे, चष्मा, जुने कपडे. थंड, साधं पाणी घ्या. गरम पाण्यात क्लोरीन उडून जातो आणि नाकातोंडात जातो.

२. टँक त्याच्या नेहमीच्या सपाट जागी ठेवून आधी पाणी भरा, मग ब्लीच घाला. भरताना नेहमीच्या पातळीवर थांबू नका, काठोकाठ भरा. पाण्याच्या रेषेवरची काच आणि पट्टीखालची खाच इथेच बहुतेक जण चुकतात, कारण तिथे पाणी रोज नुसतं उडतं आणि वाळतं.

३. फिल्टरची मोटर रिकाम्या डब्यासकट याच पाण्यात चालवा, १५ ते २० मिनिटं. द्रावण सगळ्या नळ्यांतून फिरतं. आत स्पंज, कडी असं माध्यम काही ठेवू नका.

४. जाळ्या, चिमटे, सायफन, प्लॅस्टिकची सजावट त्यातच बुडवा. वर तरंगणाऱ्या वस्तूंवर काहीतरी वजन ठेवा, नाहीतर वरची बाजू कोरडीच राहते. नळ्या आडव्या करून आतली हवा बाहेर काढा; हवेचा एक बुडबुडा अडकला तर तेवढा भाग सुटला.

५. लोखंडी चिमटा-कात्री पाच-दहा मिनिटांत काढा, गंजतात. बाकीच्यांना अर्धा तास द्या. रात्रभर ठेवण्यात शौर्य नाही. रबर कडक होतं, जाळीचे धागे कमजोर होतात.

अर्ध्या तासाने पाण्याला ब्लीचचा वासच येत नसेल तर समजा, क्लोरीन घाणीतच संपला. घासणं कमी पडलं होतं. पाणी काढा, पुन्हा घासा, पुन्हा द्रावण करा.

ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही. व्हिनेगर नको, संडास धुण्याचं ॲसिड नको, अमोनिया नको, अल्कोहोल नको. प्रत्येकाशी वेगळा विषारी प्रकार तयार होतो.

वस्तूवार काही अनुभव

हीटर बंद केल्यावर लगेच पाण्याबाहेर काढू नका. २०-३० मिनिटं पाण्यातच थंड होऊ द्या, नाहीतर काच तडकते. प्लग आणि वायरचं वरचं टोक बुडवायचं नाही, ते अल्कोहोलच्या फडक्याने पुसायचं. झाकण आणि दिव्याचंही तेच. फिल्टरमधून उडणारे तुषार तिथेच जमा होतात. दिव्याची वायर आधी काढा.

खडी उकळताना थोडी थोडी घ्या आणि मध्ये मध्ये हलवा. तळाशी घट्ट बसलेली खडी मध्यभागी कोमटच राहते. पाणी खदखदायला लागल्यावर पुढे १५-२० मिनिटं. रंगवलेली खडी रंग सोडते, ती टाकलेलीच बरी. रिकाम्या टँकमध्ये उकळतं पाणी ओतू नका, काच फुटेल. उकळायचं भांडंही नंतर स्वयंपाकाला परत नेऊ नका.

दगडांच्या बाबतीत मी फार भित्रा आहे. सच्छिद्र दगडाच्या पोटात पाणी अडकलेलं असतं. भट्टीत किंवा थेट आचेवर तापवला तर आत वाफ कोंडून दगड फुटू शकतो, तुकडे उडतात. म्हणून दगड घासून बादलीत ठेवायचा, वरून उकळतं पाणी ओतायचं, निवेपर्यंत सोडायचं, मग आठवडाभर उन्हात.

लाकूड ब्लीचमध्ये अजिबात नको. ते स्पंजसारखं पितं आणि टँकमध्ये गेल्यावर दिवसेंदिवस सोडत बसतं. मावत असेल तर तास-दोन तास उकळा, पाणी बदलून पुन्हा. मावत नसेल तर उकळतं पाणी ओतून महिनाभर कडकडीत वाळवा. टँक विषाणूने किंवा टीबीने गेला असेल तर लाकडाचा मोह सोडा.

झाडांचं गणित नाजूक आहे. ॲन्युबियास, जावा फर्न अशी जाड पानांची झाडं एकास वीस ब्लीचमध्ये दोन मिनिटं सोसतात. घड्याळ लावून, आणि लगेच डिक्लोरिनेटरच्या (क्लोरीन मारणाऱ्या औषधाच्या) पाण्यात. व्हॅलिस्नेरिया, काबोम्बा, मॉस यांना ब्लीच म्हणजे मरणच. त्यांच्यासाठी पोटॅशियम परमँगनेट: १ ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात विरघळवून साठा करायचा, त्यातले १० मिलिलिटर एका लिटर पाण्यात घातले की १० मिलिग्रॅम प्रतिलिटरचं द्रावण होतं. त्यात १० मिनिटं. जांभळट रंग पटकन तपकिरी झाला तर ते द्रावण घाणीवर खर्च झालं. झाड पुन्हा धुऊन नवं द्रावण करा. बोटं तपकिरी होतात, दोन दिवस तशीच राहतात. परजीवीच हटवायचा असेल तर याहून सोपा मार्ग आहे: झाडं बिनमाशाच्या कोमट पाण्यात तीन-चार आठवडे वेगळी ठेवायची.

३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लहान वस्तूंना छान. थर्मामीटर, रबरी पेले, चिमटे. १५ मिनिटं बुडवा. त्याचं पुढे पाणी आणि ऑक्सिजनच होतो, म्हणून मागे काही राहत नाही. पेरॉक्साइड परमँगनेटमध्ये मात्र ओतू नका, जोरात उसळतं. आणि मीठ? गोड्या पाण्यातल्या काही परजीवींना ते झेपत नाही हे खरं, पण मिठाच्या पाण्यात जाळी बुचकळली म्हणजे निर्जंतुक झाली, हा निव्वळ समज आहे.

माशांचा टीबी

मासे आठवड्यांमागून आठवडे खंगत गेले, पोट आत गेलं, पाठ वाकडी झाली, अंगावर न भरणाऱ्या जखमा दिसल्या, आणि कोणत्याही औषधाने फरक पडला नाही, तर मायकोबॅक्टेरियमचा संशय घ्यावा. खात्री प्रयोगशाळेतच होते. या जिवाणूंच्या पेशीभोवती मेणासारखा थर असतो, त्यामुळे ते बऱ्याच जंतुनाशकांना दाद देत नाहीत. वर दिलेल्या पातळ ब्लीचवर इथे भरवसा ठेवू नका. ७० टक्के अल्कोहोल इथे खरं कामाचं. ७० टक्केच, शुद्ध अल्कोहोल जास्त चांगलं वाटतं, पण ते पटकन उडून जातं आणि जंतूचं प्रथिन बिघडवायला सोबत पाणी लागतंच.

टँक घासून, धुऊन, पूर्ण कोरडा करा. ओल्या काचेवर फवारलं तर अल्कोहोल पातळ होतं. मग सगळीकडे फवारून १० मिनिटं ओलं ठेवा, वाळायला लागलं की पुन्हा फवारा. जवळ ज्योत, ठिणगी, चालू शेगडी काही नको. टँक ॲक्रिलिकचा असेल तर अल्कोहोल वापरू नका, त्यावर बारीक तडांचं जाळं उमटतं. आधी ब्लीच केलं असेल तर ते संपूर्ण धुऊन, वाळवून मगच अल्कोहोल.

खडी, लाकूड, झाडं, स्पंज, कडी, जाळी सगळं टाकून द्या. गोगलगायी दुसऱ्या टँकमध्ये हलवू नका.

हा जिवाणू माणसाच्या कातडीतही शिरतो, तोही बहुधा हातावरच्या कापल्या-खरचटल्या जागेतून. काही आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर लालसर गाठ येते, ती फुटते, भरत नाही. तसं झालं तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता त्यांना सांगा, ‘माझ्याकडे मासे आहेत.’ या एका वाक्याअभावी निदान महिनोन्‌महिने लांबतं. आणि सायफन कधीही तोंडाने ओढू नका, या टँकचा नको, कुठल्याच टँकचा नको.

धुणं, क्लोरीन मारणं, वाळवणं

ब्लीचचं पाणी भरपूर पाणी ओतून गटारात सोडा. तळं, विहीर, नाला, बागेची आळी इथे नको. आजारी टँकचं मूळ पाणीही नैसर्गिक पाणवठ्यात ओतायचं नाही, मेलेले मासेही नाहीत.

मग तीनदा धुवा. प्रत्येक वेळी टँक भरून, फिल्टर चालवून, पूर्ण रिकामा करून. चौथ्या वेळी पाण्यात डिक्लोरिनेटर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट घाला आणि सगळं सामान त्यात तासभर बुडवून ठेवा. सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरत असाल तर १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम खडे हा हिशेब. म्हणूनच सुरुवातीचं २०० मिलिग्रॅमचं द्रावण तसंच खड्यांनी मारायला जाऊ नका. ५४ लिटरला ७५ ग्रॅमच्या आसपास खडे लागतील. आधी धुवा, उरलेलं मारा. शेवटी क्लोरीनच्या पट्टीने तपासा. नाकाने वास येत असेल तर क्लोरीन नक्की आहे. वास येत नाही याचा अर्थ मात्र नाही असा होत नाही.

आता ऊन. टँक थेट कडक उन्हात ठेवू नका, प्लॅस्टिकच्या पट्ट्या वाकतात. सावलीच्या वाऱ्यात बरा. बाकीचं सामान उन्हात पसरा. वाळवणं ही या कामाची आळशी माणसाला जमणारी आणि तरीही फार ताकदीची पायरी आहे, कारण पाण्यातल्या बहुतेक परजीवींना आणि बऱ्याच जिवाणूंना कोरडेपण सोसत नाही. फक्त कोरडं म्हणजे कोरडं. जाळीची शिवण, नळीचं आतलं अंग, फिल्टरच्या कड्याखालची खाच, चुंबकाच्या मागची लोकर, या चार ठिकाणी बोट लावून बघा. मी आठवडा देतो. रबरी कडी वाळल्यावर सुकलेली, भेगाळलेली दिसली तर बदला आणि नवीला सिलिकॉन ग्रीस लावा. हे न केल्यामुळे माझा फिल्टर एकदा रात्रभर फरशीवर गळत होता.

पुन्हा पाणी भरल्यावर

टँक नवा आहे असंच समजा. नवा स्पंज, नवी किंवा उकळलेली कडी, डिक्लोरिनेटर घातलेलं पाणी, तापमान २६ ते २८ अंश, हवा भरपूर. अमोनिया २ मिलिग्रॅम प्रतिलिटर होईल इतका घाला आणि टेस्ट किटने दर दोन दिवसांनी मोजा. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढतो आणि कितीतरी दिवस चढलेलाच राहतो. इथे धीर सुटतो. घातलेला २ मिलिग्रॅम अमोनिया २४ तासांत संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टँक तयार. मोठं पाणी बदलून नायट्रेट खाली आणा.

घरातल्या निरोगी टँकचा अर्धा स्पंज इकडे लावला तर हेच काम आठवडाभरातही होऊ शकतं. पण त्या टँकची आणि या टँकची जाळी, बादली, सायफन गेल्या काही महिन्यांत एकच असेल, तर तो टँक निरोगी आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. मग स्पंज नको, वाट बघा.

नवे मासे थेट इथे सोडायचे नाहीत. वेगळ्या साध्या भांड्यात चार आठवडे. तळाला खडी नाही, एक स्पंज फिल्टर, लपायला पाइपाचा तुकडा. त्या भांड्याची जाळी आणि बादली वेगळ्या रंगाची ठेवा, म्हणजे घाईतही चुकीची उचलली जात नाही. त्यांच्या मुक्कामात मुख्य टँक बिनमाशाचा असेल, तेव्हा त्यालाही दोन-तीन दिवसांनी अमोनिया देत राहा. मग एका वेळी दोन-तीनच मासे सोडा, पहिला आठवडा खाद्य निम्मं, आणि अमोनिया-नायट्राइट रोज तपासा. किट ०.२५ दाखवायला लागलं तर त्याच दिवशी पाणी बदला आणि पुढचे मासे आठवडाभर लांबवा.